अश्वशक्ती
अश्वशक्ती : कार्य करण्याची त्वरा, म्हणजे शक्ती, मोजण्याचे एक एकक. प्रेरणा आणि तिच्या दिशेने झालेले विस्थापन यांच्या गुणाकाराला कार्य म्हणतात. त्यात कालाचा निर्देश नसतो. १०० किग्रॅ. पाणी १० मी. उंच चढविण्यास सु. ९,८०० जूल कार्य करावे लागते, मग त्यास एक मिनिट लागो वा दहा. शक्ती मात्र पहिल्या बाबतीत सु. १६३ वॉट, तर दुसऱ्या बाबतीत सु. १६ वॉट असते. हा भेद व्यवहारात रूढ होण्यास अठराव्या शतकातील वाफ एंजिनांची विक्री प्रामुख्याने कारणीभूत झाली.

इंग्लंडमधील खाणींत साचणारे पाणी उपसण्यासाठी घोड्यांचा उपयोग करीत. टॉमस सेव्हरी यांनी १७०२ मध्ये आपल्या वाफेच्या पंपाची महती सांगताना त्याची तुलना घोड्यांशीच केली. दोन घोडे एका वेळी जेवढे पाणी उपसतात तेवढे उपसणारे यंत्र दिवसरात्र चालते. घोडे मात्र आलटूनपालटून जुंपावे लागत असल्याने त्यांच्याऐवजी दहाबारा घोडे पाळावे लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. टॉमस न्यूकोमेन यांचे डडलीजवळील १७१२ सालचे एंजिन मिनिटाला १२ धावांत, दर धावेस १० गॅलन पाणी १५३ फुटांवरून वर आणी. आजच्या हिशेबाने ही शक्ती सु. ५.५ अश्वशक्ती भरते.

जेम्स वॉट (१७३६–१८१९) यांनी स्वतंत्र संघनक असलेल्या एंजिनाचे एकस्व १७६९ मध्ये मिळविले. १७७५ मध्ये त्यांनी मॅथ्यू बोल्टन यांच्याशी भागीदारी सुरू केली. न्यूकोमेन एंजिनाच्या तुलनेने कोळशात जी बचत होईल तिच्या किंमतीचा एक तृतीयांश भाग ते खाणमालकांकडून घेत. या हिशेबात ठराविक कोळशात किती पाणी किती उंच चढले एवढेच पाहिले जाई. हे माप कार्यक्षमतेचे होते. काम किती वेळात झाले हे त्यातून कळत नसे.

१७८१ मध्ये वॉट यांनी एंजिनापासून चक्रीय गती मिळविण्याच्या युक्तींचे एकस्व घेतले. त्यामुळे गिरण्या व बिअरचे कारखाने हे नवे ग्राहक मिळू लागले. त्यांच्याकडे तुलनेसाठी जुने एंजिन नव्हते, तर घाण्यासारख्या चक्राला जुंपलेले घोडे होते. त्यामुळे एंजिन किती घोड्यांचे काम करील, हाच प्रश्न महत्त्वाचा ठरला. एकाच वेळी कामावर असलेल्या घोड्यांची जागा घ्यावयाची असल्याने येथे कालाचा विचार अपरिहार्य होता.

वॉट यांच्या १७८२ मधील नोंदीनुसार गिरणीचा घोडा २४ फूट व्यासाच्या वर्तुळात मिनिटाला सु. अडीच फेऱ्या मारतो व १८० पौंडांची ओढ देतो. त्यावरून त्यांनी पुढे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, म्हणजेच सेकंदाला ५५० फूट-पौंड, हे मूल्य निश्चित केले. जॉन स्मीटन यांचा अंदाज मिनिटाला सु. २३,००० फूट-पौंडांचा होता. सर्वसाधारण घोडा वॉट यांच्या मूल्याइतके काम दिवसभर करू शकत नाही. परंतु एककाचे महत्त्व घोड्याच्या अचूक वर्णनात नसून सर्वांनी मान्य केलेल्या निश्चित मूल्यात होते. एंजिनाच्या वापराबद्दल दर अश्वशक्तीमागे वर्षाला लंडनमध्ये ६, तर इतरत्र ५ पौंड शुल्क आकारले जाऊ लागले.

शुल्क शक्तीवर ठरू लागल्याने तिचे मापनही आवश्यक झाले. १७९६ मध्ये वॉट यांचे सहकारी जॉन सदर्न यांनी सिलिंडरमधील वाफेचा दाब व दट्ट्याची हालचाल यांचा आलेख काढण्याची सोय केली. गास्पार द प्रोनी यांच्या १८२१ मधील गतिरोधक साधनाने एंजिनाच्या दंडावर प्रत्यक्ष मिळणारी शक्ती मोजता येऊ लागली. विशेष असे की, ‘कार्य’ या संज्ञेला कोरिऑलिस यांनी तिचा आजचा अर्थ १८२९ मध्ये दिला. म्हणजे शक्तीचे एकक त्याआधीच व्यवहारात रुळले होते.

मेट्रिक अश्वशक्ती सेकंदाला ७५ किग्रॅ-मीटर (७३५.५ वॉट), तर ब्रिटिश अश्वशक्ती सु. ७४६ वॉट असते. सेकंदाला एक जूल कार्य करणारी शक्ती म्हणजे एक वॉट. हे नाव विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये सुचविले आणि १९६० च्या आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत शक्तीचे एकक म्हणून ते कायम झाले. अश्वशक्तीचा या पद्धतीत समावेश नाही.

तरीही व्यवहारात अश्वशक्ती टिकून आहे. महाराष्ट्रात मीटर नसलेल्या कृषिपंपांचे वीजबिल अश्वशक्तीवरून आकारण्याची पद्धत आहे आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मोफत वीज योजनेची मर्यादाही ७.५ अश्वशक्ती अशीच ठेवण्यात आली. अशी आकारणी पंपाच्या शक्तीवर होते. प्रत्यक्ष खर्च झालेली वीज मात्र शक्ती आणि पंप चालल्याचा काल यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. पाच अश्वशक्तीचा पंप एक तास चालो वा दहा तास, त्याची शक्ती तीच राहते; उपसलेले पाणी आणि खर्च झालेली ऊर्जा मात्र दसपट होते. शक्ती व कार्य यांतील भेदाचे व्यावहारिक महत्त्व यातून स्पष्ट होते.