‘इतर’ या रकान्यातील धर्म

जनगणनेच्या तक्त्यात धर्मांच्या यादीअखेरीस ‘इतर’ असा एक रकाना असतो. शासकीय सेवेत असे तक्ते हाताळताना त्यामागील माणसांचा विचार आमच्या मनात क्वचितच आला. दक्षिण कोरियाच्या २०१५च्या जनगणनेत सुमारे ५६ टक्के लोकांनी आपला कोणताच धर्म नसल्याचे सांगितले; जवळपास २८ टक्के ख्रिस्ती व साडेपंधरा टक्के बौद्ध निघाले. हिंदूंस तेथे स्वतंत्र रकाना नाही.

वस्तुतः हिंदूंचे देव त्या देशी फार पूर्वीच पोहोचले होते. इ. स. ३७२ मध्ये बौद्ध धर्म चीनमार्गे कोगुर्यो राज्यात आला आणि इंद्र व ब्रह्मा हे त्याचे रक्षक म्हणून कोरियात शिरले. ग्योंगजू येथील आठव्या शतकातील सोकगुराम गुंफेत बुद्धमूर्तीभोवतीच्या भिंतीवर दोघेही कोरलेले आहेत. इंद्राचा ‘जेसोक’ झाला. पुढे लोकधर्मात संतती व धनधान्यासाठी त्याची आळवणी होऊ लागली. देव राहिला, पण तो हिंदूंचा उरला नाही.

तेराव्या शतकातील ‘सामगुक युसा’ हा ग्रंथ, अयुता देशीची राजकन्या इ. स. ४८ मध्ये समुद्रमार्गे येऊन सुरो राजाची राणी झाली, असे सांगतो. अयुता म्हणजेच अयोध्या असे मानून २००१ साली अयोध्येत तिचे स्मारक उभारले गेले. ग्रंथ व घटना यांत बारा शतकांचे अंतर आहे. म्हणून या आख्यायिकेस इतिहास म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो.

१९५३ मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी मेजर जनरल शंकरराव थोरात या मराठी सेनानीच्या नेतृत्वाखाली भारतीय दल कोरियात गेले. त्यात अनेक हिंदू जवान होते. पण कार्य संपताच, १९५४ मध्ये, ते परतले.

आज तेथे भारतीय अभियंते व विद्यार्थी आहेत, आणि २००४ साली सुरू झालेल्या परवाना पद्धतीने आलेले नेपाळी कामगारही. त्यांत पुष्कळ हिंदू आहेत. मात्र या परवान्यावर कामगारास कुटुंब आणता येत नाही आणि काही वर्षांनी परतावे लागते. आजीने नातवास आरती शिकवावी, असे घरच तेथे उभे राहत नाही.

परमुलखात रुजलेल्या आपल्या घराण्यांस याचा अर्थ उमगेल. आपले पूर्वज देव्हाऱ्यासह बायकामुले घेऊन गेले, म्हणून कुळाचार टिकला. केवळ देव पोहोचल्याने वा माणसे राबल्याने धर्म रुजत नाही. त्याला नांदते घर लागते. रकाना त्यानंतरचा.