प्रश्न कोण लिहितो?

मागच्या रविवारी आमच्या ग्रामसभेत एक विषय आला, 'गावातील विकासकामास मान्यता देणे.' अर्धे हात वर गेलेसुद्धा. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "कसला विकास? सर्व्हे नंबर सांगा." तेव्हा कळलं, विषय डोंगरउतारावरच्या जमिनीच्या रूपांतराचा! हरकत घेतली तर उत्तर मिळालं, "नोटीस काढून झाली, आता शब्द बदलता येत नाहीत." बराच गोंधळ झाला आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

घरी येताना जनमत कौल आठवला. १६ जानेवारी १९६७. आपण दरवर्षी निकालावर भांडतो. पण प्रश्न कसा विचारायचा यावर जे भांडण झालं, ते विसरतो.

१९६३ च्या निवडणुकीनंतर मगोपची सत्ता आली. भाऊसाहेब बांदोडकरांचं म्हणणं सरळ होतं: लोकांनी आम्हाला विलीनीकरणासाठीच निवडून दिलंय, विधानसभेचा ठराव पुरे. युनायटेड गोवन्सचे डॉ. जॅक सिक्वेरा म्हणाले, निवडणुकीत माणूस दहा गोष्टी बघून मत देतो. हा एक प्रश्न लोकांना वेगळा विचारा. शेवटी दिल्लीने ते मानलं आणि डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला.

दुसरी हरकत अशी, की विलीनीकरणवादी सरकार खुर्चीवर असताना कौल निष्पक्ष कसा होणार? ती मान्य झाली. ३ डिसेंबर १९६६ ला बांदोडकर सरकारने राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली. तिसरी मागणी मुंबईत आणि इतरत्र राहणाऱ्या गोंयकारांना मत देऊ द्या, ही होती. ती फेटाळली गेली.

आणि प्रश्न? गोव्यापुढे दोनच पर्याय. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, संघप्रदेश राहायचं तर दोन पानं. (दमण आणि दीवला महाराष्ट्राच्या जागी गुजरात.) 'वेगळं राज्य' हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. युनायटेड गोवन्सची मूळ मागणी तीच होती, पण ज्याला राज्य हवं होतं त्यालाही दोन पानांनाच मत द्यावं लागलं.

प्रचार तर मराठीतून मराठीविरुद्ध झाला. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, 'राष्ट्रमत' विरोधात. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा.

गंमत पुढे आहे. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी मगोपला पुन्हा सत्तेवर बसवलं. म्हणजे पक्षाला दिलेलं मत आणि प्रश्नाला दिलेलं उत्तर या दोन गोष्टी वेगळ्या, हे मतदारांनीच दाखवून दिलं. जो पर्याय मतपत्रिकेवर नव्हता, तो मिळायला मात्र आणखी २० वर्षं गेली. गोवा राज्य झालं ३० मे १९८७ ला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात शहरं आणि काउंट्या असे प्रश्न नेहमी मतदानाला टाकतात. प्रश्न ७५ शब्दांत बसवावा लागतो. मतदारांना पाठवायचा मजकूर छापण्याआधी १० दिवस कोणालाही तपासता येतो. तो खोटा किंवा दिशाभूल करणारा वाटला तर साधा मतदारसुद्धा कोर्टात जाऊ शकतो, आणि पटलं तर न्यायाधीश शब्द बदलायला लावतात. तिथेही वाद संपत नाहीत. पण वाद घालायची वेळ मतदानाच्या आधीची, आणि जागा ठरलेली.

आपल्याकडे ती वेळ कुठली? नोटीस चिकटवल्यापासून ग्रामसभेपर्यंतची. ती आपण वाचतो का, हा खरा मुद्दा. मीही वाचली नव्हती, हे कबूल करतो. त्या बाई नसत्या तर माझाही हात वर गेला असता.

या आठवड्यात मी पंचायतीत लेखी हरकत देतोय. मागणी एवढीच: विषयात सर्व्हे नंबर लिहा, क्षेत्रफळ लिहा आणि 'रूपांतर' हा शब्द लिहा. मग हो म्हणायचं की नाही, ते गाव ठरवील. सही करायला कोण येतंय?