मालवणची रापण आणि सागरी अभयारण्य

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर गाबीत समाजाने पिढ्यानपिढ्या चालवलेली रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळाकार सोडलेले आणि दोन्ही टोकांनी माणसांच्या बळावर वाळूवर ओढून घेतले जाणारे लांब जाळे होय. रापण संघाचे सभासद जाळे, होडी आणि श्रम यांत भागीदार असत आणि तारली, बांगडा अशा मासळीचे वाटे पाडून घेत. या पद्धतीचा पल्ला किनाऱ्यालगतच संपत असे. शिवाय पावसाळ्यात, म्हणजे अनेक माशांच्या प्रजननकाळातच, होड्या वर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच पुन्हा पाण्यात उतरत. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लेही सापडत, हे नाकारता येणार नाही. परंतु समुद्र रिता करण्याचे सामर्थ्य रापणीत नव्हते.

ते सामर्थ्य समुद्राचा तळ खरवडत नेणाऱ्या ट्रॉल जाळ्याने आणले. गोव्यातील रापणकारांनी 1970च्या दशकात त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. गोवा आणि केरळ येथे 1980 साली आणि महाराष्ट्रात 1981 साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले, त्यांमागे यांत्रिक आणि पारंपरिक मच्छीमारांमधील हाच संघर्ष होता.

अशा स्थितीत 1987 साली वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याच्या 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी 3.18 चौरस किलोमीटर हा सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि परिसरातील खडकांचा भाग गाभा क्षेत्र, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाचा भाग, ठरला. तेथील प्रवाळ मोलाचे आहेत आणि त्यांना संरक्षण हवेच होते. परंतु ज्या उथळ पाण्यावर छोट्या होडीवाल्यांची चूल अवलंबून होती, तेच पाणी नकाशावर आखले गेले, आणि उपजीविका जाण्याच्या भीतीने स्थानिकांनी केलेल्या विरोधामुळे अभयारण्य बराच काळ कागदावरच राहिले.

दरम्यान माशांचा थवा घेरून तळाशी बटव्यासारखे आवळले जाणारे पर्ससीन जाळे पसरले. राज्याने 2016 साली त्याच्यावर निर्बंध घातले, तर केंद्राने 2017 साली प्रखर एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेण्याच्या पद्धतीवर बंदी घातली. संरक्षणाचा हा क्रम उलटा झाला: सर्वांत मोठ्या जाळ्यांना प्रथम आवर घालून, रापण संघांना बरोबर घेऊनच गाभा क्षेत्राची सीमा ठरवायला हवी होती.