खानदेशात यंत्र आले. जात गेली का?

यंत्रयुग आले की जात आपोआप मरते, असे आपल्याला शाळेपासून ऐकवले जाते. अर्थशास्त्रातले नवे संशोधन हे मान्य करत नाही. २०२४ चे नोबेल मिळवणाऱ्या तिघांपैकी डॅरन असेमोग्लू आणि सायमन जॉन्सन यांनी २०२३ च्या ‘पॉवर अँड प्रोग्रेस’ या ग्रंथात हजार वर्षांचा इतिहास तपासला. निष्कर्ष असा, की नव्या तंत्राचा लाभ कोणाला मिळणार हे यंत्र नव्हे, सत्ता ठरवते.

आम्ही त्यात एकच भर घालतो : भारतात त्या सत्तेचे जुने नाव जात आहे.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे भुसावळला आली आणि खानदेशचा कापूस मुंबईकडे धावू लागला. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे इथेही कापडगिरण्या उभ्या राहिल्या. पण गिरणी म्हणजे समता नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे आणला.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला, म्हणजे भुसावळच्याच रेल्वेमार्गावर, जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथे हिशेबच मांडला. आपला माणूस रुळावर गँगमन म्हणून राबतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात. इंजिन विलायती, विटाळ मात्र देशी! म्हणूनच ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी त्या परिषदेत बजावले.

शेतीतही तेच. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेश-मराठवाड्यातले भूमिहीन जमिनीसाठी तुरुंगात गेले. आज जळगाव ठिबक सिंचनासाठी देशभर ओळखले जाते. पण ठिबकचे अनुदान मिळते सातबाऱ्यावर. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याच्या वाट्याला नळ्या अंथरण्याची मजुरी.

उद्या कृत्रिम बुद्धिमत्ता येईल तेव्हाही मालकी, शिक्षण आणि निर्णय कोणाच्या हाती, हाच प्रश्न राहील. तरुणांनो, आपल्या तालुक्यापासून सुरुवात करा. अनुदान कोणाला मिळाले, जिनिंगमध्ये कायम कोण आणि कंत्राटी कोण, याची यादी करा. बाबासाहेबांनी मनमाडला केले ते हेच : आधी हिशेब, मग संघर्ष.

जय भीम!