पेठच्या पडवीतले सुतारकाम

पेठ तालुक्यात सुतारकामाची जुनी जागा म्हणजे घराची पडवी. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, दमणगंगेच्या खोऱ्याकडे उतरत जाणाऱ्या या डोंगराळ मुलखात कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांची वस्ती मोठी. देशावरच्या गावात सुतार हा बलुतेदार. कुणब्याचे औत दुरुस्त ठेवायचे आणि खळ्यावर धान्याचा वाटा न्यायचा, ही त्याची रीत त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त नोंदलेली आहे. पेठच्या विखुरलेल्या पाड्यांत ही घडी पुरती बसली नाही. नागली-वरई पिकवणारा शेतकरी आपला नांगर आपणच तासत असे. ज्याचा हात चांगला बसला, त्याच्याकडे शेजारीपाजारी चौकट, पाट, मुसळ घडवून घेत.

अशा घरी कामाची मांडणी थोडक्यात भागे. पडवीच्या कडेला जमिनीत अर्धा पुरलेला लाकडी ठोकळा आणि कुडाच्या भिंतीत खोचलेली हत्यारे, एवढाच सारा कारखाना. तासायला वाकस, रुंद कापाला पटाशी, खोल खाच पाडायला अरुंद किकरे, गुळगुळीत करायला रंधा, भोक पाडायला कमानीच्या दोरीने फिरवायचा सामता आणि धारेसाठी कुरुंदाचा दगड. उभ्याने काम करायचे टेबल नव्हते. कारागीर जमिनीवर बसून लाकूड पायाने दाबून धरी, त्यामुळे पावलांनाही हातांइतकेच काम असे. शिकंजा बसवलेले बेंच पुढे शाळा आणि प्रशिक्षण संस्थांमधून आले. बसून काम करण्याच्या पद्धतीला मागासलेली ठरवण्याचे कारण नाही. वाकडेतिकडे, ओबडधोबड खोड स्थिर धरायला दोन पाय सपाट बेंचापेक्षा सोयीचे पडतात.

हत्यारे मोजकी असली तरी लाकडाची पारख बारीक होती. घराच्या खांबांना आणि चौकटींना साग, कारण त्याच्या गाभ्यातले तेल वाळवीला दूर ठेवते. बाहेरचा पांढरा थर मात्र लवकर किडतो, म्हणून तो तासून टाकायचा. नांगराला आणि गाड्याच्या भागांना चिवट तिवस; कावडीला, दांड्यांना लवचीक धामण; मुसळाला जड खैर; हलक्या आणि न वाकणाऱ्या कामाला शिवण. नांगराचे हाळीस करायला तर सरळ लाकूड कोरत बसण्यापेक्षा मुळातच हवा तसा बाक असलेली फांदी शोधत. तासून आणलेल्या बाकात रेषा तुटतात आणि तिथेच लाकूड मोडते, वाढीच्या बाकात रेषा अखंड राहतात. त्यामुळे चांगला कारागीर झाडे उभी असतानाच मनाशी नेमून ठेवी.

कामाचे वेळापत्रक पावसाने ठरवलेले होते. पेठचा पाऊस धुवाधार. पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. ओल्या दिवसांत घट्ट बसवलेला कुसू वैशाखात खुळखुळू लागतो. म्हणून तोड हिवाळ्यात, ती शक्यतो कृष्णपक्षात, आणि जोडकाम उन्हाळ्यात अशी वहिवाट पडली. मृग लागण्याआधी रुमणे, हाळीस, जू आणि शिवळा तयार लागत.

याच उन्हाळ्यात पडवीत आणखी एक काम चाले, ते म्हणजे बोहाड्याचे मुखवटे. पेठ, सुरगाणा, हरसूल, मोखाडा आणि जव्हार या पट्ट्यात होळीनंतर पाऊस पडेपर्यंत गावोगाव हा उत्सव होतो. रात्रभर संबळ-सनईच्या तालावर गणपती, सारजा, रावण, नरसिंह, वेताळ अशी सोंगे एकामागून एक नाचतात. लाकडी मुखवटा शक्यतो एकाच ओंडक्यातून निघतो आणि त्याला साग चालत नाही. सावर, पांगारा किंवा उंबर असे हलके लाकूड घेतात, कारण नाचणाऱ्याला ते वजन डोक्यावर पेलायचे असते. आधी वाकसाने कपाळ, नाक आणि हनुवटीचे मोठे उतार काढतात. मग ओंडका उलटा करून आतून पोखरतात. सगळे कसब या दुसऱ्या टप्प्यात आहे. भिंत जाड ठेवली तर मान अवघडते आणि पातळ केली तर गालाला तडा जातो. कारागीर बोटाच्या पेराने ठोकून आवाजावरून जाडी ओळखतो. कडेला दोरी ओवायची भोके पाडली की रंग चढतो. पूर्वी तो खडू, गेरू आणि काजळीचा असे, आता बाजारचा तेलरंग असतो. दर वर्षी उत्सवाआधी पुन्हा रंग दिला जातो, त्यामुळे एकाच मुखवट्यावर पिढ्यांचे थर साचतात. महाराष्ट्रातल्या घरगुती सुतारकामात याच्या तोडीचे काम विरळाच.

पडवीतल्या या कामाला वळण लागले ते झाडांच्या मालकीमुळे. पेठ हे छोटे संस्थान होते. १८७८ साली तिथल्या बेगमेच्या मृत्यूनंतर ते खालसा झाले आणि नाशिक जिल्ह्यात कायमचे सामील झाले. त्याच वर्षी भारतीय वन अधिनियम आला. त्याने जंगलाची राखीव, संरक्षित आणि गाववन अशी प्रतवारी केली. गाववनाची तरतूद बहुतांशी कागदावरच राहिली, राखीव जंगल मात्र वाढत गेले. रेल्वे, पूल आणि शहरांच्या बांधणीला इमारती लाकूड हवे होते. कालपर्यंत ज्या झाडाचा बाक मनाशी धरून ठेवला होता, ते आता सरकारचे झाले आणि त्याला कुऱ्हाड लावणारा गुन्हेगार ठरला. १९२७ च्या कायद्याने हीच चौकट पक्की केली. लाकडाच्या वाहतुकीवर पासाचे बंधनही राहिले.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी सोसायट्या सुरू झाल्या. तोडीच्या कामातून ठेकेदार बाजूला करून मजुरीचा आणि नफ्याचा वाटा आदिवासींच्या हाती द्यावा, हा त्यांचा हेतू. मजुरीच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते, पण लाकूड बाहेरच जात राहिले. पेठच्या माणसाला तोडण्याचे काम मिळाले, घडवण्याचे नाही. शेताच्या बांधावरच्या सागाची गोष्टही अशीच. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने तोडीला परवानगी लागू लागली. १९६९ च्या कायद्याने आदिवासी खातेदारांच्या झाडांची विक्री नियमनाखाली आली. कवडीमोलाने झाडे उचलणाऱ्या व्यापाऱ्यांना आळा घालणे गरजेचेच होते. पण घरच्या चौकटीसाठी घरचे झाड तोडणेही कागदपत्रांचे काम होऊन बसले. पुढे १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आरागिरण्यांवरचे नियंत्रण कडक झाले.

दुसरीकडे मागणीही सरत गेली. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ सालचा. डोंगर-उताराच्या लहान तुकड्यांत लाकडी नांगर बराच काळ टिकला, तरी शेवटी लोखंड आणि ट्रॅक्टर तिथेही पोहोचले. घरकुलांना लोखंडी चौकटी आणि तयार दारे बसली. आज पडवीत काम करणाऱ्याकडे विजेवरचा रंधा, ड्रिल आणि गोल करवत दिसते, आणि समोर बहुधा नाशिकहून आणलेली प्लायवूडची पाटी असते. यंत्राने कामाचा वेग वाढवला, तसाच भुसाही बारीक केला. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक ठरवले आहे. मोकळी पडवी इथे बंद खोलीपेक्षा बरी, तरी नाकातोंडावर चांगला मास्क हवाच.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतारकाम हे १८ व्यवसायांपैकी एक आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि कमी व्याजाचे कर्ज मिळते. हत्यारांचा प्रश्न त्याने हलका होतो, लाकडाचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर मालकी दिली आणि त्यात बांबूही आला. इमारती लाकूड मात्र त्या व्याख्येबाहेर आहे. त्याच कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्कही दिला आहे. पेठच्या ग्रामसभांनी आपल्या वन आराखड्यात सावर, पांगारा, शिवण, तिवस आणि धामण यांच्या लागवडीला जागा ठेवावी, आणि गावातल्या कारागिरांना त्यातले लाकूड रीतसर मिळावे अशी मागणी वनविभागाकडे लावून धरावी.