हुलकावणीचे नियम

१९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात एक समिती बसली आणि तिने पोरांच्या पळापळीला कलमं लावली. तोवर खो-खोला नियम होते, पण ते आळीआळीचे. किती जणांनी बसायचं, मैदान कुठे संपतं, गडी बाद झाला की नाही, हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवी. समितीने हे सगळं कागदावर आणलं. त्या पहिल्या नियमांत रांगेच्या टोकांना खांबसुद्धा नव्हते. १९१९ च्या सुमारास मधली रेषा २७ यार्डांची झाली आणि मैदान लंबवर्तुळाकार आखलं जाऊ लागलं.

जिमखाना १९०६ चा, बंडोपंत भाजेकरांच्या खटपटीतून उभा राहिलेला. क्रिकेट-टेनिस तिथे होतंच. त्याच संस्थेचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी पुण्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे गडी पाहिले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ जावा म्हणून खटपट केली. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले. म्हणजे साहेबाच्या खेळांत आपला माणूस उतरवायचा आणि आपल्या खेळांना साहेबासारखं नियमपुस्तक द्यायचं, ही दोन्ही कामं एकाच अंगणात चालली होती. लोकमान्य टिळकांच्या काळातल्या पुण्याला यात विसंगती वाटली नाही, आणि ती नव्हतीही.

खो-खोचं मूळ महाभारतात, अभिमन्यूच्या चक्रव्यूहात आहे असं स्पर्धांच्या उद्घाटनात हमखास सांगितलं जातं. भाषणाला ते शोभून दिसतं, पण त्याला लेखी आधार नाही. मराठी मुलखातल्या खेळांचा भरवशाचा जुना दाखला हवा असेल तर संतांच्या गाथा उघडाव्यात. तुकोबांच्या गाथेत विटूदांडू, चेंडूफळी, हुतूतू, हमामा, हुंबरी, फुगडी अशा नावांखाली अभंगच आहेत. खेळ रूपकासाठी घेतलेला आहे हे खरं, पण ऐकणाऱ्याला खेळ पाठ असल्याशिवाय रूपक कळत नाही. सतराव्या शतकातल्या देहूच्या श्रोत्यांना हुतूतूत दम कसा घोटायचा हे समजावून सांगावं लागत नव्हतं.

या मैदानी खेळांत एक घराणं हुलकावणीचं. ताकद आणि वेग लागतोच, पण डाव जिंकतो तो समोरच्याला खोटी दिशा दाखवणारा. आट्यापाट्या हा या घराण्यातला वडील. जमिनीवर आडव्या नऊ पाट्या आखायच्या, मधोमध त्यांना छेदणारी एक उभी सूरपाटी. प्रत्येक पाटीवर एक गडी राखणीला उभा. त्याने आपली पाटी सोडायची नाही, आणि चढाई करणाऱ्याने त्याच्या हाती न लागता एकामागून एक पाट्या ओलांडत जायचं आणि परत यायचं. सूरपाटीवरचा गडी मात्र मैदानाच्या लांबीभर फिरू शकतो, त्यामुळे पुढून एक आणि बाजूने एक अशा कात्रीत माणूस सापडतो. पाटीवरच्याच्या नजरेत नजर घालून डावा खांदा पाडायचा, तो तिकडे झुकला की उजवीकडून निसटायचं. यात ढकलाढकल नाही, हाणामारी नाही. कोकणात याच खेळाला लोणपाट म्हणत.

आट्यापाट्यांचे नियमही डेक्कन जिमखान्याने केले. पण हा खेळ शाळांत खो-खोइतका रुजला नाही. त्याची कारणं चुन्याइतकी साधी असावीत. एवढ्या पाट्या मोजून आखायला अर्धा दिवस जातो, पावसाने त्या पुसल्या की पुन्हा तेच. पंचाला एकाच वेळी नऊ ठिकाणी डोळे लागतात. खो-खोला एक सरळ रेषा पुरते. १९८२ मध्ये आट्यापाट्यांचं राष्ट्रीय फेडरेशन उभं राहिलं आणि त्याचं केंद्र नागपूर झालं, विदर्भात आजही चुरशीचे सामने होतात. पुण्या-मुंबईच्या मुलांना मात्र हा खेळ बहुधा धड्यातच भेटतो.

खो-खोचं पुढचं प्रकरण पुण्याइतकंच बडोद्याचं आहे. सयाजीरावांच्या बडोद्यात मराठी वस्ती मोठी, आखाडे जोरात, आणि हिंद विजय जिमखान्याच्या स्पर्धांना नाव होतं. १९२४ मध्ये बडोद्याने स्वतःचे नियम छापले. एका खेळाची दोन नियमपुस्तकं झाल्यावर भांडणं व्हायची ती झालीच. ती निस्तरण्याचं बरंचसं श्रेय १९२८ मध्ये स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाला जातं. मंडळाने १९३५ मध्ये सुधारित नियम प्रसिद्ध केले. याच बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९३६ चा आणि शेवटचा १९४९ चा. मराठीत खेळांवर एवढं मोठं काम त्याआधी झालं नव्हतं, आणि नंतरही कोणी तेवढं अंगावर घेतलेलं नाही. त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं.

बडोद्याचं ऋण पुढेही दिसत राहिलं. १९७० मध्ये खो-खोतला अर्जुन पुरस्कार सुधीर परब यांना आणि १९७१ चा अचला देवरे यांना मिळाला. दोघंही गुजरातचे खेळाडू, आडनावं मात्र मराठी.

आता जरा जवळ जाऊन बघू. नियम करणाऱ्या या लोकांनी नेमकं काय बांधून ठेवलं, ते मैदानाच्या कडेला उकिडवं बसल्याशिवाय कळत नाही.

दोन खांबांच्या मध्ये आठ गडी रांगेत बसलेले, जेमतेम फूटभर चौकोनात, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून. नववा पाठलागावर. समोर पळणारे तिघे. पळणाऱ्याला रांगेतून हवं तिथून आरपार जाण्याची मुभा, पाठलाग करणाऱ्याला नाही. त्याने एक बाजू धरली की त्याच बाजूला राहायचं, खांबाला वळसा घातल्याशिवाय पलीकडे जायचं नाही. एकदा दिशा घेतली की मागे फिरायचं नाही. पळणारा रांगेतून पलीकडे सटकला, तर त्याच्या मागे जाण्याचा एकच मार्ग: त्या बाजूला तोंड करून बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणायचं आणि आपण त्याच्या जागी बसायचं.

बसलेल्याला पाठीमागचं दिसत नाही. त्याला ऐकू येतात ती धावती पावलं, आणि समोर पडणारी सावली दिसते. पायाच्या चवड्यावर भार, बोटं जमिनीला टेकलेली. ‘खो’ कानावर पडण्याआधी उठला तर फाऊल, उशिरा उठला तर गडी निसटला. उठतानाच कुठल्या बाजूला झेपावायचं हेही ठरवायचं, कारण पहिलं पाऊल टाकलं की दिशा ठरली. अनुभवी पळणारा नेमकं हेच पाऊल हेरून असतो. उठणाऱ्याचा खांदा उजवीकडे वळतोय असं दिसताच तो डावीकडे असतो. मग चांगला आक्रमक खांदा उजवीकडे दाखवतो आणि पाऊल मात्र रोखून धरतो. पळणाऱ्याला हे माहीत असतं म्हणून तो... असं चालू राहतं, आणि हे सगळं शिट्टीच्या एका फुंकरीएवढ्या वेळात.

पळण्याचे प्रकारही यातूनच तयार झाले. प्रत्येक बसलेल्याच्या मधून नागमोडी जाणारी एकेरी साखळी. दोन-तीन गड्यांभोवती गोल फिरत राहून पाठलाग करणाऱ्याला खो द्यायला लावून लावून दमवणं. खांबाजवळ मुद्दाम रेंगाळून त्याला लांबवर ओढणं. आक्रमकांनी त्यावर उतारे काढले: खांबावर गडी टिपणं, आणि वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर ज्याला ‘आकाशीय सूर’ म्हणतात ती खांबापलीकडची झेप. एकट्याने दोन-तीन मिनिटं पळती केली की मैदानाभोवतीची गर्दी टाळ्या वाजवते. बाहेरच्याला ते धावणं वाटतं. जाणकार मोजत असतो ती फसवणूक.

ज्या खेळांना समिती मिळाली नाही त्यांची गोष्ट निराळी. ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र’ म्हणत बोटं वर न्यायची आणि ‘म्हैस भुर्र’ला जमिनीवर दाबून ठेवायची. ‘शिवाजी म्हणतो’ असं ऐकल्याशिवाय हात उचलायचा नाही. विष-अमृतमध्ये धावता धावता गोठायचं आणि दुसऱ्याला सोडवायचं. हे सगळे हात आवरायला शिकवणारे खेळ, म्हणजे उकिडवं बसून खोची वाट पाहण्याचीच पूर्वतयारी. पावसाळ्यात ओसरीवर, लग्नघरात कंटाळलेल्या पोरांना गप्प बसवायला ते कामी येत. त्यांचे नियम आजही गल्लीगणिक बदलतात, आणि त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्यात झाली, महिलांची पुढच्याच वर्षी कोल्हापुरात. मुलींनी हा खेळ लवकर आपलासा केला, त्यामागे खर्च हे मोठं कारण आहे. बॅट नको, बूट नकोत, जाळी नको, सपाट जमीन आणि दोन खांब असले की झालं. धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाची कर्णधार होती. तिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो सन्मान त्याआधी तब्बल बावीस वर्षं मिळाला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यांत भारताच्या पुरुषांनी नेपाळला ५४-३६ आणि महिलांनी ७८-४० असं हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे.

हे सामने मातीवर झाले नाहीत. मॅट, दिवे, बाजूला सातच गडी, सात मिनिटांचे डाव, आणि २०२२ मध्ये व्यावसायिक लीगने रूढ केलेला ‘वझीर’. या वझीराला दिशेचं बंधन नाही, तो मनात येईल तेव्हा वळतो. खेळ वेगवान होतो, गुण भराभर पडतात, टीव्हीवर बघायला मजा येते. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. नियम बदलतच आले आहेत, लंबवर्तुळाचं मैदानही गेलंच की.

पण दिशेचं बंधन हा खो-खोचा कणा आहे. फिरता येत नाही म्हणूनच खो कोणाला, कधी द्यायचा याचा विचार करावा लागतो, आणि फिरता येत नाही म्हणूनच पळणाऱ्याची हूल चालते. बारा वर्षांच्या मुलाने आधी ही अडचण सोडवायला शिकलं पाहिजे. तेव्हा वझीर लीगमध्ये राहू द्यावा. शालेय स्पर्धांच्या नियमांत, निदान चौदा वर्षांखालच्या गटात, त्याला आणू नये.