तळटीप १२ : उत्तर ग्रहांचा कप्तान

१२. ‘उत्तर ग्रहांचा कप्तान’ : हे पद लेखकाने हवेतून आणलेले नाही. १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि पुढे त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे झाली. किल्ल्यात कप्तान, त्याच्यावर गोव्याचा व्हाइसरॉय, त्याच्यावर लिस्बनचा राजा. जहाजे मार्च-एप्रिलात लिस्बनहून निघत, सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत. परतायला पुन्हा वाऱ्याची वाट. पत्राचे उत्तर दीड-दोन वर्षांनी येई, आणि व्हाइसरॉयची मुदत सहसा तीनच वर्षांची! त्यामुळे राजा उत्तराधिकाऱ्यांची नावे सीलबंद लखोट्यांत आगाऊ पाठवून ठेवी. १५२६ साली गव्हर्नर वारल्यावर लखोटा उघडला, तर नाव निघाले मलाक्कात असलेल्या पेरू मास्करेन्यसचे. मग दुसरा लखोटा उघडून लोपु वाझ द सांपायु गादीवर बसला, आणि मास्करेन्यस हिंदुस्थानात परतताच त्याला अटक झाली. कादंबरीतल्या नवव्या प्रकरणातला घोळ याहून सौम्य आहे.

वसईच्या गावांचा कारभार मात्र लखोट्यांवर चालत नसे. गावे ठरावीक वार्षिक खंडाने पोर्तुगीज कुटुंबांना दिलेली असत, बदल्यात संरक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे. स्वस्त व्यवस्था, पण संकटात कुमक गोव्याहूनच यायची. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला तेव्हा मराठ्यांची दुसरी फौज गोव्यातच साष्टीत शिरलेली होती. मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली. लिस्बनला ती बातमी पोचायला अर्थातच अवकाश होता.